नागपूरची मारबत आणि बडगे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात मारबत निघते. विदर्भात या दिवसाला पाडवा किंवा पोळ्याची कर म्हणतात. मारबत म्हणजे बाईचा अवाढव्य पुतळा. तिच्या मागेपुढे बडगे चालतात. रद्दी, चिंध्या, तणस, फुटकी मडकी, झिजलेले खराटे असे जे हाती लागेल त्यातून उभे केलेले हे पुरुषी पुतळे. मिरवणूक संपली की मारबत आणि बडगे दोन्ही जाळतात.

या चालीचे मूळ खेड्यात आहे. पूर्व विदर्भातल्या गावांत पोळ्याला दारापुढे पळसाच्या फांद्या रोवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच उपटून, आरडाओरडा करत शिवेपलीकडे नेऊन टाकतात. ‘ईडा पीडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही त्या वेळची हाक. ढेकूण आणि डासही त्यात येतात. सीमेपलीकडे बालाघाट, छिंदवाडा भागात हाच दिवस नारबोद म्हणून ओळखला जातो. पावसाळा अंगात मुरलेला, घरात ओल, डबक्यांत डास, घरोघरी ताप, अशा दिवसांत ही हाक उठते. घरातली मोडकीतोडकी चीज दुखण्याबरोबर हाकलायची असल्याने बडग्याला टाकाऊ सामान लागते. त्यात काटकसरीपेक्षा विधीचा भाग मोठा आहे.

शहरात आल्यावर फांदीची बाई झाली. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळची काळी मारबत 1881 पासून निघते असे मानतात. जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत तऱ्हाने तेली समाजाची असून तिची सुरुवात 1885 ची सांगतात. पिवळीकडे लोक देवी म्हणून पाहतात. मिरवणुकीच्या आधी काही दिवस तिला दर्शनासाठी ठेवतात, बाया लेकरांना घेऊन येतात, नवस बोलतात. काळीच्या वाट्याला मात्र राग आला. एका कथेत ती कृष्णाला विषारी दूध पाजायला आलेली पूतना, तर दुसऱ्या, नागपुरात अधिक बोलल्या जाणाऱ्या कथेत ती भोसले घराण्यातली बाकाबाई.

बाकाबाई ही दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी आप्पासाहेबांना पदच्युत केले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने कारभार सुरू झाला, तेव्हा ती राज्यप्रतिनिधी होती. खरी सूत्रे रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती होती. 1853 मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. 1857 च्या उठावात बाकाबाईने इंग्रजांची बाजू धरली. 1858 मध्ये ती वारली. म्हणजे काळी मारबत पहिल्यांदा निघाली तेव्हा तिला जाऊन 20 वर्षांहून अधिक काळ लोटला होता. फितुरीची आठवण लोक किती दिवस जपतात याचा हा एक दाखला. अर्थात जुन्या विधीला ही कथा मागाहून चिकटली असणेही शक्य आहे. पिवळीचा संबंध प्लेगच्या साथीशी जोडतात, तो मात्र सनावळीत बसत नाही. प्लेग मुंबईत आला तोच 1896 मध्ये. 1885 च्या माणसाला धास्ती असणार ती पटकीची, देवीची आणि हिवतापाची.

दोन्ही मारबती घडवण्याचे काम जोखमीचे आणि निगुतीचे आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा सुतळीने आवळायचा, त्यावर कागदाचे थर चढवायचे, मग रंग, डोळे, दागिने. बडग्याला एवढी उस्तवार नाही. मुळात तो गल्लीतल्या पोरांचा उद्योग. फाटक्या सदऱ्यात तणस कोंबली की धड होते, पालथे मडके म्हणजे डोके, चुन्याचे दोन ठिपके म्हणजे डोळे, आणि गळ्यात फाटक्या चपलांची माळ. छातीवर पाटी लावली की तो बोलू लागतो. मूर्तिकाराच्या नजरेने पाहिले तर ओबडधोबड. पण रस्त्यावरच्या माणसाला तो कोण आहे हे लांबूनच कळते, आणि बडग्याला तेवढेच पुरेसे असते.

पाटीवरचा मजकूर काळाबरोबर बदलत गेला. रोगराईच्या जागी महागाई आली, मग भ्रष्टाचार, हुंडा, दहशतवाद, पेट्रोलचे भाव, रस्त्यांवरचे खड्डे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरातला फायास उत्सव असाच वाढला असे सांगतात: सुतारांनी हिवाळ्याअखेरीस लाकडाच्या निरुपयोगी तुकड्यांची होळी करायची, त्या तुकड्यांना कुणी चिंध्या नेसवल्या आणि पुढे त्यांतून पुढाऱ्यांची थट्टा करणारे पुतळे झाले. तिथे आज हे कसबी कारागिरांचे खर्चिक काम झाले आहे. नागपुरातही मंडळांचे मोठे बडगे रंगीत आणि गुळगुळीत होऊ लागले आहेत. टाकाऊपणाची जुनी खूण आता लहान गल्ल्यांच्या बडग्यांत अधिक दिसते. 2020 मध्ये कोरोनामुळे मिरवणुकीत खंड पडला. एरवी रोगराई घेऊन जाणारी मारबत त्या वर्षी रोगराईमुळेच मिरवली नाही.

मिरवणुकीत नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी समोरासमोर येतात. हा दिवसाचा सर्वांत गर्दीचा क्षण. ढोलताशात आणि ‘घेऊन जा गे मारबत’च्या गजरात कुणाचे बोलणे कुणाला ऐकू येत नाही. तिथून इतवारी आणि महालच्या अरुंद रस्त्यांनी पुढे जाऊन शेवटी दहन होते. पिवळी मारबत नाईक तलावावर जळते. कागद आणि तणस क्षणात जातात, बांबूचा सांगाडा थोडा वेळ धुमसत राहतो.

त्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजींनी 1806 मध्ये तो सुरू केला असे सांगतात. लहान मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून रांगेत उभी करतात. हे बैल जाळत नाहीत. रंग उडाला की पुन्हा रंगवतात, आणि अनेक घरांत आजोबांचा बैल नातवाकडे येतो.