नाशिकची पेटी : नाटक, भजन आणि जलसा

हवेच्या झोताने थरथरणाऱ्या धातूच्या पात्यातून सूर काढणारी वाद्ये युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकामागून एक तयार झाली. लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टनने १८२९ मध्ये घेतलेल्या पेटंटातून पुढे कॉन्सर्टिना आले. हे दोन्ही हातांत धरून ताणायचे-दाबायचे छोटे षट्‌कोनी वाद्य. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेनने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. कॉन्सर्टिना आयर्लंड-इंग्लंडच्या लोकसंगीतात रुजले, तर महाराष्ट्रात सामूहिक गाण्याचे वाद्य झाले ते हार्मोनियम, म्हणजे पेटी. नाशिक जिल्ह्यात ती नाट्यगृह, देवळातले भजन आणि वस्तीतला जलसा अशा तीन ठिकाणी स्थिरावली.

भारतात आलेले मूळ हार्मोनियम पायाने भाता मारायचे होते. त्यासाठी खुर्चीवर बसावे लागे आणि वाद्य हलवणेही अवघड होते. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता चालवायची पेटी लोकप्रिय केली. वादक मांडी घालून बसला, डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने पट्ट्या सांभाळू लागला. गायक स्वतःच वादक होऊ शकला, आणि एका माणसाला उचलता येईल असे वाद्य बैलगाडीतून गावोगाव जाऊ लागले. कॉन्सर्टिनाची बारीक यंत्रणा मोजके कुशल कारखानेच करू शकत. पेटी मात्र इथल्या सुतारांच्या हाती आली. सागवानी खोके, कातड्याने सांधलेला भाता आणि पितळी पाती बसवलेली फळी एवढ्यावर ती उभी राहते. पात्यांसाठी गुजरातमधील पालिताणा प्रसिद्ध झाले. पाते टोकाशी घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो; दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे बरेचसे कसब याच घासण्यात असते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि वाद्य कारागिराकडे जाते.

मराठी मुलखात पेटीला प्रतिष्ठा दिली ती संगीत नाटकाने. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि नाट्यपदांचे युग सुरू झाले. पुढे नाटक मंडळ्यांबरोबर पेटी आणि ऑर्गन गावोगाव फिरले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या कलावंताने पेटीला साथीपलीकडे नेऊन स्वतंत्र वादनाचा दर्जा मिळवून दिला. नाशिक हा या मंडळ्यांचा महत्त्वाचा मुक्काम होता. येथील विजयानंद नाट्यगृहाचे नाव इतिहासात राहिले ते वेगळ्या कारणाने. २१ डिसेंबर १९०९ रोजी तेथे जिल्हाधिकारी जॅक्सन याच्या निरोपासाठी ठेवलेल्या ‘शारदा’ या संगीत नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याचा वध केला. कलेक्टरच्या निरोपासाठीही संगीत नाटकच ठेवले जावे, यावरून त्या काळच्या नाशिकमध्ये नाट्यसंगीत किती मुरले होते हे दिसते.

नाटकाला तिकीट लागे, भजनाला लागत नसे. म्हणून पेटीचा खरा प्रसार भजनी मंडळांतून झाला. वारकरी परंपरेची मूळ वाद्ये वीणा, टाळ आणि पखवाज. संत निवृत्तिनाथांची समाधी असलेल्या त्र्यंबकेश्वरला पौष वद्य एकादशीच्या यात्रेसाठी दिंड्या पायी येतात, आणि आषाढीसाठी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाते. चालत्या दिंडीत आजही मुख्य भर टाळ-पखवाजावरच असतो. बसून होणाऱ्या भजनात, कीर्तनाच्या साथीत आणि अखंड हरिनाम सप्ताहात मात्र पेटी आली आणि टिकली. वीणा सूर धरून ठेवते. पेटी त्या सुरावर चालही दाखवते. ज्यांनी गाणे कुणापुढे बसून शिकलेले नाही अशा दहा-पंधरा जणांना एका पट्टीत ठेवण्यासाठी ती उपयोगी पडली. ‘काळी एक’, ‘पांढरी दोन’ ही पट्टीची नावे शेतकरी आणि कारागीर भजनकऱ्यांच्याही बोलण्यात आली. मंडळाची वाद्ये बहुधा वर्गणीतून घेतली जात आणि देवळात ठेवली जात. पेटी वाजवणारा गावात मास्तर म्हणून ओळखला जाई.

विष्णु दिगंबर पलुसकर यांच्यामुळे नाशिकच्या भजनपरंपरेला आणखी एक धागा मिळाला. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीतशिक्षण सर्वांना खुले करणारे पलुसकर आयुष्याच्या अखेरच्या पर्वात नाशिकला आले. पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापला आणि रामभक्तीला वाहून घेतले. त्यांच्या परंपरेने शास्त्रीय गाणे आणि सामूहिक भजन यांतले अंतर कमी केले.

तिसरा प्रवाह बंडाचा. लोकनाट्याचा साचा घेऊन समाजाला जागे करण्याची वाट सत्यशोधक जलशांनी आधीच घालून दिली होती. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. याच काळात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाची रचना त्यांनी ठेवली, पण शृंगाराच्या जागी अस्पृश्यता, शिक्षण आणि संघटना हे विषय आणले. ढोलकी, झांज आणि पेटी एवढ्या सामानावर रात्रभर कार्यक्रम होत असे. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या वस्त्यांपर्यंत चळवळ पोचवण्याचे ते मोठे साधन ठरले. पुढे १९७८ मध्ये कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात ही हकीकत स्वतः नोंदवली.

पुढच्या पिढीत हा वारसा गायन पार्ट्यांकडे आला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा कर्डक प्रौढपणी लिहा-वाचायला शिकले आणि त्यांनी हजारो गीते रचली. खेड्यापाड्यांतून गात हिंडणाऱ्या वामनदादांच्या रचना इतर गायकांनी उचलल्या आणि भीमजयंतीच्या मंचांवरून महाराष्ट्रभर नेल्या. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर या गाण्यांवर कव्वालीची छाप पडली. पेटी, ढोलक, टाळ्या आणि पाठीमागचा कोरस हा त्यांचा ठरलेला थाट झाला. मुख्य गायक अनेकदा स्वतःच पेटी वाजवत असे. १५ मे २००४ रोजी वामनदादांचे निधन झाले.

विशेष म्हणजे ही वाढ होत असताना पेटीला वरून विरोधच होता. तिचे सूर ठरलेले असतात, त्यामुळे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) निघत नाही आणि श्रुतींचे बारकावे दाखवता येत नाहीत, असा आक्षेप होता. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने ती बंद केली, आणि सुमारे तीन दशकांनी ही बंदी सैल झाली. भजनी मंडळे आणि गायन पार्ट्या यांचा कारभार मात्र रेडिओच्या मान्यतेवर चालत नव्हता. त्यांना हवा होता मोठा, स्थिर आणि स्वस्तात दुरुस्त होणारा सूर, आणि तो पेटी देत होती. शास्त्रीय मैफलीच्या दृष्टीने जो दोष होता, तोच समूहाने गाताना गुण ठरला, कारण सूर ठरलेला असला की नवख्यालाही चुकल्याची जागा कळते.

गेल्या काही दशकांत इलेक्ट्रॉनिक कीबोर्डने जयंतीच्या आणि ऑर्केस्ट्राच्या मंचांवरची पेटीची जागा बरीचशी घेतली आहे. कीबोर्डवर अनेक वाद्यांचे आवाज निघतात आणि गाण्याची पट्टी बटणाने बदलता येते. सप्ताह, कीर्तन, महिला भजनी मंडळे आणि घरगुती भजन येथे मात्र पेटीचा वापर चालू आहे. तिला वीज लागत नाही, गायकाच्या श्वासाप्रमाणे भाता कमी-जास्त करता येतो, आणि नवे शिकणारे अजूनही जुन्या वादकाशेजारी बसून त्याची बोटे पाहतच ती शिकतात.