कल्याणीच्या काळातील तारा

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. 'मिताक्षरा'कार विज्ञानेश्वरांमुळे हे नगर धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. मान्यखेटाहून, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडहून, राजधानी येथे आणण्याचे श्रेय बहुतेक इतिहासकार पहिल्या सोमेश्वरास देतात. त्याच्याच कारकिर्दीत, इ. स. १०५४ च्या जुलैत, वृषभ राशीत एक नवा तारा प्रकटला. चिनी ज्योतिषांनी नोंदविले, की तो तेवीस दिवस भरदिवसाही दिसत होता व सुमारे दोन वर्षांनी मावळला.

वस्तुतः तो ताऱ्याचा जन्म नसून अंत होता. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका प्रचंड ताऱ्याच्या स्फोटाचा प्रकाश त्या वर्षी पृथ्वीवर पोचला. विसाव्या शतकात त्या नोंदींच्या आधारे संशोधकांस ओळख पटली, की 'क्रॅब' नामक तेजोमेघ हा त्याच ताऱ्याचा अवशेष होय.

हा अवशेष आजही शांत नाही. त्यातून येणाऱ्या अत्युच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या हजारो कोटी पट असते. मात्र ते भूमीपर्यंत पोचत नाहीत. वातावरणात शिरताच त्यांच्यापासून कणांची वृष्टी निर्माण होते. या वृष्टीची उपपत्ती डॉ. होमी भाभा व हाइटलर यांनी १९३७ साली मांडली होती. हे कण हवेतील प्रकाशाहून वेगाने धावतात; त्यामुळे सेकंदाच्या काही अब्जांश काळ निळसर प्रकाश चमकतो. त्यास चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. तो मोठ्या आरशांनी टिपून १९८९ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथे 'क्रॅब'चे हे किरण प्रथम निःसंशय सिद्ध झाले.

भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटी व पचमढी येथे हे कार्य केले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हान्ले येथे, सुमारे चौदा हजार फूट उंचीवर, एकवीस मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण उभारली. ती घडविण्यात बिदरच्या शेजारच्या हैदराबादेतील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचाही वाटा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले.

चालुक्यांचे शिलालेख दान नोंदविताना तिथी, संक्रांत आणि ग्रहण यांचा उल्लेख करतात. आकाशातील घटना क्षणिक असते. तिला ज्ञानाचे रूप येते ते नोंदीमुळे. १०५४ चा तो तारा आज ओळखता आला, तो कोणी तरी दिवस मोजून लिहून ठेवले म्हणूनच. हान्ले येथील आरसे आज तेच कार्य, सेकंदाच्या अब्जांशांच्या हिशोबाने, पुढे नेत आहेत.