मॅगझिनविना पिस्तूल

शस्त्र परवान्याच्या पुस्तिकेत पिस्तुलाची ओळख मोजक्या गोष्टींनी पटवलेली असते: बनावट, बोअर, क्रमांक आणि सोबत किती काडतुसे बाळगता येतील तो आकडा. मॅगझिन एक आहे की दोन, याची नोंद सहसा कुठेच नसते. आणि सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल अडते ते बहुधा याच बिननोंदीच्या डबीपाशी. जपून वापरलेली नळी पिढ्यान्‌पिढ्या टिकते; मॅगझिन पडते, चेपते, हरवते. ज्या पिस्तुलाचे उत्पादन चालू आहे त्याचे दुसरे मॅगझिन मिळते. ज्याचे उत्पादन थांबून दशके लोटली, त्याचा मालक मात्र कायदा, बाजार आणि यंत्रशास्त्र या तिन्हींच्या कचाट्यात सापडतो.

जालन्याचेच उदाहरण पाहा. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून वेगळा झाला, म्हणजे त्याआधीच्या परवान्यांवर औरंगाबादचा शिक्का. त्याही मागे, १९४८ पर्यंत, इथे निजामाचे राज्य. अशा भागात वारसाहक्काने आलेल्या हत्याराची कागदोपत्री वंशावळ लांबलचक असते आणि हत्यार बहुधा विलायती: अमेरिकेचे कोल्ट १९०३, इंग्लंडचे वेब्ली अँड स्कॉट, बेल्जियमचे ब्राउनिंग, जर्मनीचे वॉल्थर पीपी, चेकोस्लोव्हाकियाचे सीझेड, स्पेनचे स्टार किंवा लामा. यांतल्या कोल्ट १९०३ चे उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थांबले. स्टारचा कारखाना १९९७ मध्ये बंद पडला.

ही सगळी नावे एकाच बोअरभोवती का जमली, याचे कारण कायद्यात आहे. लष्कर आणि पोलीस वापरतात ते ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला पिस्तुलात मुख्यतः बत्तीस बोअर येते. जॉन ब्राउनिंगने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी घडवलेले हे ७.६५ मिमीचे काडतूस. मराठी माणसाला ब्राउनिंग हे नाव ठाऊक झाले ते परवान्यामुळे नव्हे. १९०९ च्या सुरुवातीला लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले तिथून परतणाऱ्या चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात आली आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे औरंगाबादला शिकत होते. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. त्या पिस्तुलांचा कारखान्यातला साचा केव्हाच मोडीत निघाला. बत्तीसची काडतुसे मात्र आजही बनतात, पुण्याजवळच्या खडकीतही; बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे त्या कारखान्याची. काडतूस हयात आणि त्याला वाहून नेणारी डबी दुर्मीळ, असा हा उलटा प्रकार आहे.

मॅगझिन म्हणजे दिसायला पत्र्याची चपटी नळी, आत नागमोडी स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसाला वर रेटणारी पट्टी, खाली बूड आणि वर आत वळवलेल्या दोन कडा. खरे काम या दोन कडांचे. स्लाइड मागे जाऊन पुढे येताना वरचे काडतूस ढकलते; ते किती वर यावे, कोणत्या कोनात चेंबरकडे झुकावे आणि नेमके कोणत्या क्षणी सुटावे, हे त्या कडा ठरवतात. मॅगझिन फरशीवर पडून एक कड जराशी फाकली, की काडतूस लवकर सुटते आणि नाक वर करून अडकते. कड आत दबली तर सुटतच नाही. शिवाय बत्तीसच्या काडतुसाची एक खोड आहे. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने रुंद असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकांत गुंततात आणि मॅगझिन जागीच बसते. मालक पिस्तुलाला दोष देतो, दुकानदार काडतुसाला.

यावरून बाजारातल्या एका ठरीव वाक्याचा फोलपणा कळतो: ‘बत्तीसचं मॅगझिन आहे, बसेल.’ बोअर एक म्हणून मॅगझिन एक, असे कधीच नसते. कोल्ट १९०३ च्या आणि वेब्लीच्या मॅगझिनमध्ये आठ-आठ काडतुसे मावतात, पण म्हणून एकाचे दुसऱ्यात चालेल असे नाही. ब्राउनिंग १९१० मध्ये सात, १९२२ मध्ये नऊ. एकाच घराण्यातली ही दोन पिस्तुले, पण मुठीची उंची वेगळी. वॉल्थर पीपीचे मॅगझिन बाजूच्या बटणाने सुटते, कोल्टचे मुठीच्या बुडाशी असलेल्या खिट्टीने. म्हणजे अडकण्याची खाच वेगवेगळ्या ठिकाणी. जुन्या कोल्टचे अस्सल मॅगझिन ओळखायला बूड उलटून पाहावे. तिथे बोअर आणि कोल्टचे नाव उमटवलेले असते, आणि फार जुन्या नगांत खालचा भाग निळसर काळा तर वरचा उजळ दिसतो. तो उजळ पट्टा गंज घासून काढल्याचा नाही. कडा कठीण व्हाव्यात म्हणून वरच्या भागावर उष्णतेची प्रक्रिया केल्याची ती खूण आहे. पॉलिश मारून तो एकसारखा चकचकीत करणारे महाभाग आहेत. त्यांच्या हौसेपायी ओळखीची खूण मात्र जाते.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात. म्हणजे ‘नुसते मॅगझिन तर आहे’ हा बचाव सहज टिकणारा नाही. पण कलम ४५ मध्ये एक सूट आहे: जे किरकोळ भाग पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नाही, असे भाग बाळगण्याला अधिनियम लागू होत नाही. मग मॅगझिन किरकोळ भाग की महत्त्वाचा? कायद्यात मॅगझिनचा उल्लेख येतो तो प्रतिबंधित शस्त्राची व्याख्या करताना, चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात ते शस्त्र, एवढ्यापुरता. या प्रश्नाचे उत्तर तिथे नाही.

माझ्या मते ते यंत्ररचनेत शोधावे लागेल, आणि ते प्रत्येक मॉडेलला वेगळे निघेल. ब्राउनिंग १९१० मध्ये अशी तजवीज आहे की मॅगझिन काढले की चाप निष्प्रभ होतो. तिथे मॅगझिन हा गोळी सुटण्याच्या साखळीतला दुवाच आहे; त्याला किरकोळ म्हणणे कठीण. कोल्ट १९०३ मध्ये ही सोय सुरुवातीला नव्हती, १९२० च्या दशकात आली. त्याआधीच्या नगात मॅगझिन काढून ठेवले तरी चेंबरमधले काडतूस चाप दाबताच उडते. ‘मॅगझिन काढलंय, रिकामं आहे’ या समजुतीने कपाटात ठेवलेले जुने कोल्ट म्हणूनच सर्वांत धोक्याचे. असो. परवानाधारकाने स्वतःच्या नोंदलेल्या पिस्तुलाचे जादा मॅगझिन बाळगणे आणि परवानाच नसलेल्याने ते खिशात ठेवणे यांत हेतूचा फरक आहे, आणि कलम ४५ ची सूट हेतूवरच उभी आहे. तपासात त्या बिनपरवाना माणसाच्या मित्राकडे जुळणारे पिस्तूल निघाले, तर ती सूट तिथेच संपते, कारण पूरक भाग कोणा दुसऱ्याकडे असला तरी तो धरला जातो.

पुरवठ्याचे मार्ग मग कोणते उरतात? परदेशातून मागवणे हा नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला बंदुकांची आयात बंद आहे आणि कलम १० नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा त्याचा भाग देशात आणता येत नाही. परदेशी संकेतस्थळावर मॅगझिन भाजीपाल्यासारखे विकायला ठेवलेले दिसते म्हणून ते जालन्याच्या पत्त्यावर मागवणारा माणूस सीमाशुल्क विभागाला स्वतःचे नाव-गाव कळवत असतो. परवानाधारक विक्रेत्यांकडचा जुना साठा हा खरा मार्ग, आणि तो आटत चाललेला. त्याला एकदा अनपेक्षित भर पडली असणार. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि तिसरे शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करणे भाग पडले. त्याच दुरुस्तीने दुसरी वाट मात्र अरुंद केली. पूर्वी हौशी मालक त्याच मॉडेलचे दुसरे पिस्तूल विकत घेऊन त्याचे मॅगझिन वापरू शकत असे. आता तसे केले तर दोनपैकी दुसरी जागाही त्यातच संपते. एका डबीसाठी ही किंमत जबर आहे.

उरतो तो सर्वांत मोहाचा रस्ता. जालना म्हणजे सळ्यांचे शहर. रोलिंग मिल, लेथ, जॉबवर्क करून देणारे फिटर, कशालाच तोटा नाही. ‘नमुना आणा, करून देतो’ म्हणणारा माणूस इथे सापडेलच. पण कलम ५ नुसार शस्त्र किंवा त्याचा भाग बनवणे, दुरुस्त करणे, विकणे याला स्वतंत्र परवाना लागतो. तो नसलेल्या फिटरला मालक आपल्याबरोबर गुन्ह्यात ओढतो, बहुधा त्याला न सांगता. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी काम जमत नाही. नमुना म्हणून दिलेले मॅगझिन आधीच फाकलेले असते. फिटर ते फाकलेलेपण हुबेहूब उतरवतो. परवानाधारक बंदूक-कारागिराकडे जुन्याचीच स्प्रिंग बदलणे, कडा मूळ मापावर आणणे, हे कमी आकर्षक पण खात्रीचे काम आहे.

परवाना देणाऱ्या यंत्रणेने एक साधी गोष्ट करावी असे मला वाटते: नोंदीत मॅगझिनची संख्या लिहावी. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा होतात, तेव्हा पावतीवर पिस्तुलाचा क्रमांक आणि काडतुसांचा आकडा येतो. मॅगझिन वेगळे लिहून घेतले नाही, तर परत घेताना त्याबद्दल वाद घालायला कागद नसतो. नवीन मॅगझिन जिथे मिळणार नाही तिथे ही हानी भरून निघत नाही. नोंद असली तर बेनामी मॅगझिन कोणाचे, हेही पोलिसांना विचारता येईल.

वारसांचा प्रश्न याला जोडूनच आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे मालक सत्तरीला पोहोचला किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, तर हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज करण्याआधी मुलाने वडिलांना पिस्तुलाची किंमत विचारण्याऐवजी मॅगझिन किती आणि कोणत्या स्थितीत आहेत, हे विचारावे. एकच असेल आणि तेही अडत असेल, तर स्वसंरक्षणाच्या कारणासाठी त्या शस्त्राचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ते विक्रेत्याकडे द्यावे आणि देशी बनावटीचे बत्तीसचे पिस्तूल घ्यावे. आयुध निर्माणींचे ‘अशनी’ आहे, २०१६ नंतर खासगी कारखान्यांनाही वाट मोकळी झाली आहे. घेताना जादा मॅगझिन त्याच बिलावर, त्याच दिवशी घ्यावीत. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात कंपन्यांत विभागले गेले. कोणते मॉडेल किती वर्षे चालू राहील, याची हमी कोणत्याच कारखान्याच्या दारावर लिहिलेली नसते.