आजीचा येडवर्ड

सणासमारंभाला पाहुण्याच्या हातावर अत्तर लावावयाचे आणि गुलाबदाणीतून पाणी शिंपडावयाचे, ही आपली जुनी रीत. तिला आपण ‘अत्तरगुलाब’ म्हणतो. यातली गंमत वाचकांच्या ध्यानात आली आहे काय? फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे ‘गुलाब’ हे मुळात फुलाचे नाव नव्हेच. ते फुलापासून काढलेल्या पाण्याचे नाव. आपण ते फुलालाच देऊन टाकले!

नावांचा असा घोटाळा गुलाबाच्या नशिबीच असावा. आमच्या घरच्या एका झाडाची हकीकत ऐका.

साताऱ्याकडे आमच्या आजोळच्या वाड्यात तुळशीवृंदावनामागे गुलाबाचे एक उंच झुडूप होते. फुले गुलाबी, भरगच्च, आणि वास असा की ओसरीवर बसलेल्या माणसाला परसात फूल उमलल्याचे कळावे. आजी पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर बरणीत भरून उन्हात ठेवी आणि गुलकंद करी. झाडाला ती ‘येडवर्ड’ म्हणे. सातवे एडवर्ड बादशहा युवराज असताना, 1875 साली, मुंबईस येऊन गेले होते. त्यांच्याच मानाखातर हे नाव पडले असणार, अशी आम्हा मुलांची खात्री होती.

ती खात्री साफ चुकीची ठरली. हा गुलाब बादशहापेक्षा वयाने वडील निघाला! बादशहांचा जन्म 1841 चा. त्याआधी कितीतरी वर्षे, मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या बूर्बों नावाच्या फ्रेंच बेटावर (आज त्याला रेयुनियों म्हणतात) शेतकरी कुंपणाला दोन तऱ्हांचे गुलाब लावीत. एक दमास्क, दुसरा चिनी. त्या दोघांचा आपोआप संकर होऊन जे झाड उगवले, त्याला तिथले लोक ‘रोझ एदुआर’ म्हणू लागले. 1819 च्या सुमारास त्याचे बी पॅरिसला पोहोचले आणि त्यातून बूर्बों गुलाबांचे मोठे घराणे उभे राहिले. तोच एदुआर हिंदुस्थानात उतरला, ‘एडवर्ड’ झाला आणि आमच्या आजीच्या तोंडी ‘येडवर्ड’.

तो इथे रुजला याला कारणही तसेच आहे. दमास्काला थंडी हवी, आणि बहर मोजकाच. चिनी गुलाब बारमाही, पण वास बेताचा. एडवर्डाने एकाचा सुवास घेतला आणि दुसऱ्याची सारखे फुलण्याची हौस घेतली. म्हणून तो हारात गेला, गुलकंदात गेला, आणि डोळा भरून नवे गुलाब करणाऱ्यांनी त्याला खुंट म्हणूनही राबवले. वरचे नाजूक कलम मरून जाते आणि खालचा खुंट फोफावतो, असेही पुष्कळदा घडते. मग मालक विलायती नाव सांगत राहतो आणि फुलतो मात्र एडवर्ड!

पुढे वाडा पाडावयाचे ठरले. त्या पावसाळ्यात मी पाच काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नव्या मुंबईला आणल्या. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि भातखाचरे व मिठागरे यांच्या जागी हे शहर उभे राहिले. येथे प्रत्येक माणूस कुठून तरी आणून लावलेल्या काडीसारखाच! पाचांपैकी दोन जगल्या. एका रोपवाल्याने पाहून सांगितले, “गावठी आहे, टाकून द्या.”

टाकून देण्यापूर्वी ओळख पटवावी म्हटले. दमास्काची पाने करडट हिरवी आणि मागून लवदार; चिनीची गुळगुळीत, चकाकणारी, कोवळे कोंब तांबूस. आमच्या झाडात दोन्हीकडच्या खुणा होत्या. मग वर्षभर वहीत फुलांच्या तारखा मांडल्या. बहर एकदा आला, पुन्हा आला, आणि वास तोच, ओसरीवरचा. आजीने सांगितलेले नाव खरे होते. खोटी होती ती आम्ही त्यावर रचलेली कथा.

वाडा गेला, तुळशीवृंदावन गेले. हे नाव आणि हे झाड तेवढे उरले. कुणाच्या परसात असे बिननावाचे जुने झुडूप असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे नाव आजच विचारून ठेवावे. काडी पुन्हा लावता येते. विसरलेले नाव कुठून आणावे?

आता त्याच्या लांब फांद्या मी गच्चीच्या कठड्याला आडव्या बांधतो. उभी फांदी शेंड्यालाच फुलते. आडवी केली की डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात. कोकणच्या पावसात पानांवर काळे ठिपके पडतात. ती पाने वेचून टाकावी लागतात आणि कुंडीत पाणी साचू द्यावयाचे नसते. पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमारास छाटणी. त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी फुले.

म्हणजे ऐन दिवाळीत आमच्या गुलाबावर नुसते तांबूस कोंब असतात. नातवंडे हिरमुसतात. मी त्यांना सांगतो, “बाळांनो, येडवर्ड देवदिवाळीचा पाहुणा आहे. बरणी मात्र आत्ताच घासून ठेवा.”