किवाम, पाक आणि मजबुती

ईदच्या सकाळी आमच्या पिंपळगाव राजात शेवयांसाठी साखर चुलीवर चढते, तेव्हा घरातली वडीलधारी बाई विचारते, ‘किवाम आया क्या?’ शेजारची काकू त्याच पातेल्यात डोकावून म्हणते, ‘पाक एकतारी झाला बघ.’ पातेले एक, साखर एक, दाट होण्याची क्रियाही एकच; शब्द तेवढे दोन. एखादी गोष्ट दाट, घट्ट, पक्की, मजबूत करण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत हे आपण मोजायला बसलो, तर या दोन शब्दांमागे वऱ्हाडचा पाचशे-सहाशे वर्षांचा इतिहास उभा राहतो.

‘किवाम’ अरबी. त्याच्या मुळाशी उभे राहण्याचा अर्थ आहे. जो पाक पातळ वाहून जात नाही, अंग धरून उभा राहतो, तो किवाम. याच मुळातून ‘कायम’ आला, ‘मुक्काम’ आला, ‘किंमत’ आली आणि ‘कौम’ही आली. नमाजपूर्वीची इकामत आणि सूरे फातिहातला ‘मुस्तकीम’ हे याच घराण्यातले. यातला किती भाग आता फक्त आपला राहिला आहे? शेगावहून पंढरपूरला निघालेली पालखी रात्री जिथे विसावते, त्या जागेला वारकरी मुक्कामच म्हणतो. खामगावच्या बाजारात कापसाला मिळते ती किंमतच.

‘पाक’ संस्कृत, शिजवणे या अर्थाचा. (पाक-नापाक यातला ‘पाक’ फारसी आहे, तो वेगळा.) शिजून तयार झाले ते पक्व, त्यावरून ‘पक्का’. फारसीत शिजलेल्याला ‘पुख्ता’ म्हणतात. तो मराठीत येऊन ‘पोक्त’ झाला. पक्का आणि पोक्त हे शब्द हजारो वर्षांपूर्वी एकाच मुळातून फुटलेले आहेत. एक हिंदुस्थानात वाढला, दुसरा इराणात, आणि मराठीच्या ओसरीवर दोघांची पुन्हा गाठ पडली. आपण सहज म्हणतो, ‘पक्क्या विचाराचा पोक्त माणूस’. त्यात कोण घरचा आणि कोण पाहुणा, हे सांगता येईल का?

या गाठीभेटी पंडितांच्या बैठकीत झाल्या नाहीत. त्या राज्यकारभारात, बाजारात आणि बांधकामावर झाल्या. 1425च्या सुमारास अहमदशहा बहमनी वऱ्हाडात राहिला. त्याने गाविलगड बांधला आणि सातपुड्यातल्या नरनाळ्याची डागडुजी केली. 1490मध्ये इमादशाहीने वऱ्हाड स्वतंत्र केले, 1574मध्ये ते निजामशाहीत गेले, 1596मध्ये मोगलांकडे. 1724मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाचा अंमल बसला, तर 1853मध्ये कारभार इंग्रजांच्या हाती गेला. राज्ये बदलली, पण दगड घडवणारा पाथरवट आणि चुना मळणारा मजूर इथलाच राहिला. त्याच्या तोंडी कोट होता, तट होता. त्यात किल्ला आला, बुरूज आला. ‘तटबंदी’ या शब्दाकडे नीट पाहा: ‘तट’ इथला, ‘बंदी’ फारसी. गावाचे रक्षण करणारा शब्दच दोन भाषांच्या सांध्यावर उभा आहे. ‘बंदोबस्त’ तर सगळाच फारसी, बांधणे-आवळणे या अर्थाचा. आज यात्रेलाही तो लागतो आणि मोहरमलाही.

हे शब्द काढून टाकण्याचे प्रयत्न झाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1674च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला. दहा वर्गांच्या या कोशात दुर्गवर्गही आहे. नव्या राज्याला आपली राजभाषा हवी होती. त्यात द्वेष शोधण्याचे कारण नाही. पण बोलणाऱ्यांनी काय केले? ‘पेशवा’ला ‘मुख्य प्रधान’ असा पर्याय दिला गेला आणि पुढे इतिहासात पेशवेच गाजले. माधव जूलियन यांनी 1925मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. तरीही ‘मजबूत’ गेला नाही. बळकट, भक्कम, दणकट हे शब्द शेजारी असतानाही तो टिकला, कारण त्याने कोणाची जागा बळकावली नव्हती. स्वतःची जागा केली होती.

आपल्याला आजही दोन्हीकडून एकच प्रश्न विचारला जातो. बाहेरचे विचारतात, तुम्ही मुसलमान, मग मराठी कशी बोलता? घरचे विचारतात, आपली जबान उर्दू, मग मराठीत का लिहिता? दोघांचीही समजूत अशी की भिंत उंच केली म्हणजे घर मजबूत होते. ‘मजबूत’ या शब्दाचे मूळ मात्र वेगळे सांगते. तो ‘जब्त’वरून आला. जब्त म्हणजे धरून ठेवणे, आवर घालणे. रोजेदार भूक आणि राग आवरतो, तो जब्त. त्याच शब्दातून मराठीत ‘जप्ती’ही आली. शब्द एक, वाटा दोन: स्वतःला धरले तर मजबुती, दुसऱ्याचे धरले तर जप्ती. भाषेला आणि कौमला मजबूत करू पाहणाऱ्या प्रत्येकाने आपण यातल्या कोणत्या वाटेवर आहोत हे तपासावे. आपण स्वतःही तपासावे.

किवामाची पारख असणाऱ्या बायका आणखी एक गोष्ट जाणतात. आच कमी पडली तर पाक पातळ राहतो, शेवयांना धरत नाही. आच जास्त झाली तर तो घट्ट होता होता दगड होतो. मग त्यात काहीच मुरत नाही. मराठी आजवर टिकली ती या दोहोंमधल्या आचेवर. वऱ्हाडातल्या चुलीवर ती आच आपल्या आजींनी आणि शेजारच्या काकूंनी मिळून सांभाळली. पातेले आता आपल्या हाती आले आहे.