गेंड्या भुंग्यांचे वर्गीकरण : इतिहास आणि उत्क्रांतिसंबंध

प्रस्तावना :
कोकणातील नारळ बागायतदारास गेंड्या भुंगा सुपरिचित आहे. तो माडाचा कोवळा कोंब पोखरतो. पुढे उमललेल्या झावळीवर त्रिकोणी काप दिसतात. प्रामुख्याने उष्ण कटिबंधात आढळणाऱ्या डायनॅस्टिने या उपकुलातील ही एक जाती होय. या उपकुलाच्या सुमारे १५०० जाती ज्ञात आहेत. त्यांच्या वर्गीकरणाच्या इतिहासाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वर्गीकरणाचा प्रारंभ :
कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये हा भुंगा शेणकिड्यांसह स्कॅरॅबियस या एकाच प्रजातीत समाविष्ट केला. १८१९ मध्ये विल्यम मॅक्ले यांनी शिंगधारी भुंग्यांचा स्वतंत्र समूह मानला. गिल्बर्ट अ‍ॅरो यांनी १९१० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील जातींचे ग्रंथरूपाने वर्णन केले, तर हंगेरीचे सेबो एंड्रोडी यांच्या १९८५ च्या ग्रंथात जगभरातील जातींची आठ गटांत मांडणी आढळते.

बाह्यरूपाची मर्यादा :
या मांडणीचा आधार मुख्यतः बाह्यरूप हा होता. परंतु नराच्या शिंगाची लांबी अळीला मिळालेल्या पोषणावर अवलंबून असते. त्यामुळे एकाच जातीतील मोठा व लहान नर भिन्न भासतात. शिंगांचे साम्य हा नात्याचा निर्विवाद पुरावा ठरत नाही. पुढे जनुकीय पुराव्याची जोड मिळाली. रोलँड व मिलर यांनी २०१२ मध्ये महाकाय भुंग्यांच्या गटाची तीन उपगटांत फेरमांडणी केली.

व्यावहारिक महत्त्व :
१९०९ मध्ये रबराच्या रोपांसोबत हा भुंगा श्रीलंकेतून सामोआ बेटांवर पोहोचला. १९६३ मध्ये मलेशियात आलोइस ह्यूगर यांना त्याच्यावरील विषाणू आढळला. १९६७ पासून सामोआत त्याचा वापर होऊन उपद्रव बराच घटला. मात्र २००७ मध्ये ग्वाम बेटावर आढळलेले भुंगे या विषाणूला दाद देईनात. बाह्यतः ते त्याच जातीचे होते. त्यांचा जनुकीय वेगळेपणा डीएनए तपासणीतूनच उघड झाला.

निष्कर्ष :
अडीच शतकांहून अधिक काळाच्या या वाटचालीत वर्गीकरणाचा आधार रूपाकडून वंशाकडे सरकला. जातीचे नाव निश्चित झाले म्हणजे कीडनियंत्रणाचा प्रश्न सुटला असे नव्हे. जातीअंतर्गत वंशभेद जाणणेही तितकेच आवश्यक आहे. नारळावर उपजीविका असलेल्या किनारी प्रदेशांसाठी वर्गीकरणशास्त्राचे मोल यातून स्पष्ट होते.