जमीन गहाण न पडणारा मुलूख

गहाणखतावर कितीही कलमे लिहिलेली असली, तरी सावकाराला त्यातले एकच महत्त्वाचे वाटते: कर्ज बुडाले, तर गहाण ठेवलेली वस्तू विकून पैसा वसूल करता यावा. मुंबईतल्या फ्लॅटवर कर्ज देणारी बँक आणि बांधावर बसून आकडेमोड करणारा गावचा सावकार, दोघांचा हिशेब इथे सारखाच असतो. विकण्याचा हक्क नसेल, तर गहाणाला अर्थ उरत नाही. प्राणहितेकाठच्या अहेरी भागात हा हक्क कोणाला किती असावा, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ कायदे होत आले आहेत. इथल्या कर्जाचा इतिहास त्या कायद्यांतूनच समजतो.

अहेरी ही जुन्या चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी. गोंड राजघराण्यातले आत्राम तिचे जमीनदार. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला इथली जमीन खरेदीखतापेक्षा राजकारणाने अधिक फिरली. १८५८ साली मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी झाली. उठाव करणाऱ्यांकडून जप्त झालेला अडपल्ली-घोटचा मुलूख लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाला. या व्यवहारात ना बोली लागली, ना किंमत ठरली.

बाजार आला तो नंतर, मालगुजारी बंदोबस्त आणि दिवाणी न्यायालये यांच्या पावलांनी. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांना, जमिनीची मालकी मिळाली. मालकी आली म्हणजे ती तारण ठेवता येऊ लागली, आणि तारणावर हुकूमनामा मिळवणेही सोपे झाले. पेरणीच्या वेळी घेतलेले धान सवाईने किंवा दिढीने फेडायचे, म्हणजे एका हंगामात पाव किंवा अर्धा भाग वर. ही रीत जुनीच होती, पण पूर्वी धान थकले तर पुढच्या हंगामावर जाई. आता ते थकले की कागद न्यायालयात जाऊ लागला आणि शेत त्याच्यामागून.

याचे परिणाम एकट्या चांदा जिल्ह्यात दिसले नाहीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला खास कायदा करावा लागला. १९०० साली पंजाबात जमीन हस्तांतरणावर बंधने आली. त्याच वाटेने १९१६ साली मध्य प्रांताचा जमीन हस्तांतरण कायदा झाला. त्याने आदिवासी जमीनमालकांच्या जमिनींची विक्री आणि गहाण यांना आळा घातला. १९४० मध्ये सरकारने डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांना आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला नेमले. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात कर्ज आणि जमीन हे मोठे विषय होते.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारीच गेली. १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून जमीनदार आणि मालगुजार यांचे हक्क सरकारकडे आले. अहेरी पुढे १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी नव्या गडचिरोली जिल्ह्यात गेली. राज्ये बदलत होती, तरी शेत सावकाराच्या नावावर चढणे थांबले नव्हते.

खरा बांध घातला गेला तो ६ जुलै १९७४ रोजी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आले. आदिवासीने बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत जमीन गहाण किंवा पट्ट्याने द्यायची, तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. विक्रीसाठी त्यापुढे राज्य सरकारची पूर्वमान्यताही हवी. सोबतच्या दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याची सोय केली. त्याला आव्हान दिले गेले, पण डिसेंबर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. ज्यांची शेते परत मिळाली, त्यांच्या घरात पुढच्या पिढीला पाय रोवायला जागा राहिली. या कायद्याचे मोल तिथे दिसते.

पण कर्जाची गरज कायद्याने थांबत नाही. आषाढ-श्रावणात घरातले धान संपते, नवे धान यायला अवकाश असतो, आणि मजुरीही मिळत नाही. शेत तारण घेता येत नाही म्हटल्यावर उधारी जंगलातल्या मालावर आली. मिठाच्या मोबदल्यात चारोळी नेणारे व्यापारी या भागात सर्वांना ठाऊक आहेत. अशा खरेदीत सरकार स्वतः १९७४ च्या आधीपासूनच उतरू लागले होते. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानांचा व्यापार नियंत्रणात आला, १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ उभे राहिले आणि १९७६ च्या कायद्यानंतर एकाधिकार खरेदी सुरू झाली. गावोगावच्या आविका, म्हणजे आदिवासी विविध कार्यकारी, संस्था महामंडळासाठी धान मोजून घेऊ लागल्या. पावसाळ्यातल्या अडचणीसाठी १९७८ पासून खावटी कर्ज आले. २०२० साली त्या योजनेचे अनुदान झाले: कुटुंबाला ४,००० रुपये, अर्धे वस्तूंत आणि अर्धे रोख.

जगात याच काळात उलट विचार जोरात होता. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो दे सोतो यांनी २००० साली मांडले, की गरिबांकडे मालमत्ता असते, पण तिचे पक्के कागद नसल्याने ती तारण ठेवता येत नाही आणि तिचे भांडवल होत नाही. कागदाची बाजू त्यांनी अचूक पकडली. मात्र तारण जप्त होते तेव्हा काय घडते, हे अहेरीने आधीच पाहिले होते. अमेरिकेने ते २००८ साली पाहिले. फेडीची ऐपत नसलेल्यांना दिलेली गृहकर्जे एकत्र बांधून रोखे म्हणून विकली गेली होती. हप्ते थकले तेव्हा रोख्यांचे भाव कोसळले, आणि लाखो कुटुंबांची घरे गेली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने अहेरीचाच धडा पुढे नेला. या कायद्याचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो, वारसाला मिळतो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. पुढे ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. पान तोडण्याआधी भाव ठरतो, म्हणजे हा एक प्रकारचा वायदाच आहे आणि वायद्याची जोखीमही त्यात आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपानांवर १८ आणि विडीवर २८ टक्के कर बसला. दिल्लीत ठरणाऱ्या अशा दरांचा हिशेब ठेकेदार बोलीत धरतो, आणि कर वाढला की भाव उतरतो. मे महिन्याच्या उन्हात पान तोडणाऱ्या बाईला भावातली ही घसरण झेलण्यासाठी कोणताही विमा नाही.

मग कर्ज कशावर मिळावे? जमिनीचे तारण न घेता शेतीकर्ज देण्याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून १.६ लाखांवरून २ लाखांवर नेली आहे. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना तर १९९०-९१ पासून आहे: माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी कर्ज घ्यायचे, आणि भाव चढल्यावर विकून फेडायचे. इथे बुडते ते फार तर एका हंगामाचे धान. शेत शाबूत राहते. अहेरी, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांना हीच रीत सर्वांत जवळची आहे. त्यासाठी पावसाळ्यात रस्ता तुटला तरी पोचता येईल अशी गोदामे गावांजवळ हवीत, तिथे वजन चोख हवे, आणि आविका संस्थेच्या पावतीवर त्याच दिवशी पैसे देणारी बँक हवी.